मान खाली

मी गेले, हे मला गिऱ्हाइकाकडून कळलं.

माझं केस कापायचं दुकान आहे. सलून म्हणा. बायका येतात, पुरुष येतात, केसांना कुठं ठाऊक असतं आपण कुणाच्या डोक्यावर आहोत ते. त्या दिवशी सकाळी एक नवीन बाई आल्या होत्या, शाळेत शिकवणाऱ्या, केसांना रंग लावून घ्यायला. डावी बाजू लावून झाली होती, उजवी अजून पांढरीच होती. मी सवयीनं त्यांच्या कानामागे दोन बोटं टेकवली आणि म्हटलं, "मान खाली." खुर्चीत साहेब असो की शिपाई, एवढ्यावर मान खाली जातेच. बाईंचीही गेली. मांडीवर रविवारची पुरवणी होती, ती त्या वाचायला लागल्या आणि थोड्या वेळानं त्यांचे खांदे हलायला लागले.

मला वाटलं रंग डोळ्यांत गेला. फडकं ओलं करून धावले तर म्हणाल्या, "रंग नाही हो. ही कविता बघा, दर वेळी रडवते. काय लिहिलंय पोरानं. आई गेली बिचाऱ्याची."

मी वाकून बघितलं. कवितेशेजारी चौकोनात फोटो होता. दाढी, खोल गेलेले डोळे आणि खांद्यापर्यंतचे केस. ते केस मागच्याच आठवड्यात ह्याच खुर्चीत मी मागून सारखे केले होते. तो आमचा बोका होता. म्हणजे माझा मुलगा. घरात त्याला बोकाच म्हणतात, कारण लहानपणापासून काही उपद्व्याप केला की असा शांत बसतो, की घरात दुसरंच कुणीतरी अपराधी आहे असं वाटावं.

"कधी गेली?" मी विचारलं. स्वतःची तारीख आपल्याला माहीत असलेली बरी.

"झाली असतील दोनेक वर्षं. कवितेत दोन उन्हाळे म्हटलंय." बाईंनी डोळे पुसले. "तुम्ही ओळखता का ह्याला? असं निरखून बघताय म्हणून विचारलं."

आता इथं कुणीही शहाणं माणूस सांगून टाकतं, की बाई, मीच ती. पण आमच्या धंद्यात एक नियम आहे. रंग अर्धा लागलेला असताना गिऱ्हाइकाला धक्का द्यायचा नाही. गिऱ्हाईक दचकलं की डोकं हलतं, डोकं हललं की रंग कपाळावर येतो, आणि कपाळावरचा रंग आठवडाभर हलत नाही. सासूबाईंनी मला कात्री हातात द्यायच्या आधी हा नियम दिला होता. त्यामुळे मी म्हणाले, "हो, आमच्यातलाच आहे. मी त्याची मावशी."

तरी बाई दचकल्याच. गर्रकन वळल्या आणि कानाला रंग लागला. "अगबाई. म्हणजे तुमची बहीण गेली. सख्खी?"

"सख्खी," मी म्हणाले. "अगदी सख्खी."

उजवी बाजू होईपर्यंत बाईंनी सगळं ठरवूनही टाकलं. त्या गावातल्या साहित्य मंडळाच्या चिटणीस होत्या आणि मंडळाचं ह्या वर्षीचं पदक ह्याच कवितेला जाहीर झालं होतं. पुढच्या रविवारी कार्यक्रम होता. "आई नाही तर नाही, निदान मावशीच्या हातून पदक गळ्यात पडू दे," असं त्या म्हणाल्या आणि माझे रंगाचे हात तसेच हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले. मला नाही म्हणता आलं नाही. माझे हात अडकले होते.

घरी आले तर बोका नेहमीच्या जागी शांत बसला होता. एवढ्यावरून मी समजायला हवं होतं.

"काय रे," मी पिशवी ठेवली, "मी गेल्याचं दुःख कितपत आवरलंय तुला?"

त्याचा चेहरा पडला. तो विमा कंपनीत नोकरी करतो. मेलेल्या माणसांचे कागद त्याच्या टेबलावर येतात आणि माणूस खरोखरच मेलाय ना, ह्याची खात्री तो करतो. दिवसभर लोकांच्या मरणावर संशय घ्यायचा पगार घेतो हा मुलगा, आणि घरी येऊन धडधाकट आईला एका सहीनिशी उरकतो.

"आई, कवितेतला मी म्हणजे मी नसतो," तो म्हणाला.

"आणि कवितेतली आई?"

"ती पण तू नाहीस."

"मग रात्री जेवायला कुणाकडे जाणार आहेस?"

माझे यजमान टपाल कचेरीतून निवृत्त झालेले आहेत. दुसऱ्यांची पत्रं न वाचण्यात सगळा जन्म गेल्यामुळे आता छापलेलं काहीही दिसलं की वाचतात. ह्यांनी पुरवणी उघडली आणि चष्मा वर केला. "माझं पण आहे की ह्यात. 'बाबा रिकाम्या कपात चहा शोधतात.' बरोबर आहे. तू कमीच ओततेस."

"अहो, तुम्हाला बायको मेल्याचं काही वाटतंय का?"

"वाटतंय ना. पण लिहिलंय छान."

मग मी कविता हातात घेतली आणि नीट वाचली. सुरुवातीला होतं:

तू गेल्यापासून
खिडकी नुसतीच उघडी असते,
कुणाची वाट न बघता.
तुझं गाणं अजून उशीत आहे,
कान टेकला की लागतं.

पुढे ती बाई ह्याच्या केसांतून विनाकारण हात फिरवत होती, तिन्हीसांजेला दारात उभी राहत होती, आणि रागावली की फक्त गप्प बसत होती. रागावल्यावर गप्प. मी दोनदा वाचलं ते. मला खरं सांगायचं तर आधी हसू येत होतं, पण इथं आल्यावर राग आला, आणि तो मेल्याचा नव्हता.

"बोक्या, मी गाते?"

"नाही."

"खिडकीत बसते?"

"तुला वेळ कुठं असतो?"

"मग ही कोण बाई आहे? मारायचंच होतं तर मला मारायचं होतंस. ही कुठली गाणारी, हळवी, खिडकीतली बाई आणलीस आणि माझ्या जागी मारलीस? मेले तरी मी तुला चालत नाही का?"

तो हळूच म्हणाला, "तू आहेस तशी लिहून बघितली होती. सकाळी उठतेस, दुकान उघडतेस, गिऱ्हाइकांशी बोलतेस, मला ओरडतेस. कविता पुढं सरकेचना. मग तुला त्यातनं काढून बघितलं, तर लगेच झाली."

"काढून बघितलं," मी म्हणाले. "नळातला वॉशर आहे का मी?"

हे हसले. बोकाही हसला असता, पण त्याला धीर झाला नाही.

मग कळलं की गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पदकाबरोबर मंडळ कवीचं पहिलं पुस्तक काढतं. पुस्तकासाठी हा मुलगा कितीतरी वर्षं झुरतोय. प्रकाशकांकडून जाडजूड पाकीट परत आलं की तो खोलीचं दार लावून घ्यायचा आणि मी बाहेर उगाच भांडी आपटायची, म्हणजे घरात काहीतरी आवाज असावा. मंडळाचे अध्यक्ष स्वतः मोठे कवी. जगलेलं तेवढंच लिहावं असं त्यांचं मत, आणि मत म्हणजे कायदाच. एकदा म्हणे समुद्रावर कविता लिहिणाऱ्या एकाला त्यांनी व्यासपीठावर विचारलं, समुद्र बघितलाय का? तो म्हणाला, नाही, पण इच्छा आहे. त्याला हात हलवत घरी पाठवला. आमच्या बोक्याच्या कवितेबद्दल त्यांनी जाहीर लिहिलं होतं, की ह्या कवीनं स्वतःचं सगळं दुःख उघडं केलं आहे, ह्यात एक अक्षर उसनं नाही.

"आई जिवंत आहे हे त्यांना कळलं तर पुस्तक गेलं," बोका म्हणाला. "एक दिवस मावशी होशील का?"

पोटच्या पोराची मावशी व्हायचं म्हणजे काय, हे कुणा आईला विचारून बघा. पण ती पाकिटं माझ्या डोळ्यांसमोर आली. मी म्हणाले, "होते. पण लक्षात ठेव, त्या कवितेत माझा एक केससुद्धा नाही."

ह्यांनी लगेच आपला पांढरा शर्ट इस्त्रीला काढला. "विधुराला साधंच शोभतं," म्हणाले.

कार्यक्रम गावाच्या दुसऱ्या टोकाला होता, ते बरं झालं. माझी गिऱ्हाइकं तशीही कवितेच्या वाटेला जात नाहीत. सभागृहात खुर्च्यांना पांढरे अभ्रे घातले होते, माइक मधूनच कुणीतरी चिमटा काढल्यासारखा ओरडत होता, आणि चिटणीस बाई माझा हात धरून मला पहिल्या रांगेत घेऊन गेल्या. त्यांचा रंग छान बसला होता. फक्त कानाच्या पाळीवर अजून एक ठिपका होता, तो मी बघितला न बघितल्यासारखा केला.

"तुमची बहीण फार हळवी असणार, नाही?" बाई म्हणाल्या.

"कसली हळवी. चांगली तोंडाळ होती. कुणाचं ऐकून घ्यायची नाही."

"मावशी, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये हो," बाई दुखावल्या. मला स्वतःची निंदा करायचीसुद्धा सोय राहिली नव्हती.

तिकडे ह्यांच्याभोवती दोन-तीन बायका जमल्या होत्या. एक जण विचारत होत्या, "जेवणाखाण्याचं कसं करता?"

"मेहुणी बघते," हे म्हणाले.

"अस्सं. जवळच राहतात वाटतं?"

"घरातच राहते."

त्या बाईंनी आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि माझी सगळी अब्रू त्या दोन नजरांमध्ये आटोपली. मी जाऊन ह्यांच्या दंडाला चिमटा काढला. "हसू आवरा," मी पुटपुटले, "बायको मेलीय तुमची."

"दुःखच आवरतोय," हे म्हणाले.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. आवाज भारदस्त होता. कवीनं कवितेत नखशिखांत उतरलं पाहिजे, म्हणाले. काही हातचं राखू नये, काही उसनं आणू नये, आहे तो उघडा माणूस वाचकापुढे उभा करावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण माझी नजर त्यांच्या डोक्यावर अडकली होती. नखांचं मला सांगता येणार नाही, शिखेपाशी मात्र अडचण होती. अध्यक्षांना केसांचा टोप होता. चांगल्यातला होता, बसवणाऱ्यानं मन लावून बसवलेला, पण घामानं कानाजवळ जरा सरकला होता. उठून जावं आणि नीट करावा, अशी माझी बोटं वळवळायला लागली. मी ती पदराखाली घट्ट धरून ठेवली.

मग बोका कविता वाचायला उभा राहिला.

पहिला भाग मला पाठ झाला होता. खिडकी आली, उशीतलं गाणं आलं. मागच्या रांगेत कुणीतरी नाक शिंकरलं. लोक त्या बाईसाठी रडत होते आणि मी मनात तिच्याशी भांडत होते. एवढं गायला सवड होती तर मुलाचे केस कोण कापत होतं गं, असं मी तिला विचारणार होते, तेवढ्यात बोक्यानं खिशातून आणखी एक कागद काढला.

"ह्यापुढचं छापून आलेलं नाही," तो म्हणाला. "नंतर लिहिलं. मला एका माणसानं सांगितलं, की ह्या कवितेत आई नाहीच. ते खरं होतं." आणि त्यानं वाचलं:

आठवतं ते गाणं नाही.
कानामागे दोन बोटं,
थंड कात्रीच्या आधीची ऊब,
आणि तुझं ते: मान खाली.
आता जो तो सांगतो, मान वर कर, पोरा.
कुणाला दाखवायला करू?
ती खाली घाल म्हणणारंच
घरात कुणी उरलं नाही.

मला रडू आलं. उगाच कशाला लपवू? तोपर्यंत मला माझ्या मरणाचं काही वाटलं नव्हतं, आता एकदम वाटायला लागलं. बिचारी होती हो, असं मला माझ्याबद्दल वाटलं. दिवसभर उभी राहायची. पाय दुखायचे तिचे. आणि ह्या मुलानं ते ओझरतं का होईना बघितलं होतं, बोटं ओळखली होती. हे रुमाल काढून माझ्याकडे द्यायला लागले, मग आपण विधुर आहोत हे आठवून त्यांनी तो स्वतःच वापरला.

"आता कवीच्या मावशींना मी विनंती करते," चिटणीस बाई माइकवर म्हणाल्या. त्यांचाही आवाज भरला होता. मी वर गेले. कुणीतरी माझ्या हातात पदक दिलं. निळ्या फितीला अडकवलेलं, चांगलं जड होतं. बोका माझ्यासमोर उभा राहिला. तो माझ्याहून हातभर उंच आहे. मी फीत वर नेली तर ती त्याच्या केसांत अडकली. डोळ्यांत पाणी, समोर एवढी माणसं, बाजूला तो माइक, आणि माझ्यासमोर डोकं. आयुष्यभर जे केलं तेच हातांनी केलं. दोन बोटं त्याच्या कानामागे गेली आणि तोंडातून निघालं, "मान खाली."

माइकमधून ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

बोक्याची मान खाली गेली. पदक गळ्यात पडलं. पण टाळ्या पडल्या नाहीत. मी समोर बघितलं तर सगळे माझ्या बोटांकडे बघत होते. चिटणीस बाईंचा हात हळूहळू वर गेला आणि स्वतःच्या कानामागे जाऊन थांबला. त्यांनाही ती बोटं लागलेली होती.

"मावशी," अध्यक्ष म्हणाले, "हे आत्ता तुम्ही जे केलंत..."

"सवय हो," मी घाईघाईनं म्हणाले. "आम्हा दोघी बहिणींना एकच सवय. आमच्या घरात सगळेच असे. माझा भाऊ तर..." मला भाऊ नाही. पण त्या क्षणी मी बोक्याच्या पुस्तकासाठी चार भाऊ उभे केले असते.

"आई, पुरे," बोका म्हणाला.

तेही माइकमधून गेलं. तो माझ्याकडे वळला नाही, लोकांकडे वळला. "ही माझी आई आहे. आई गेलेली नाही."

पहिल्या रांगेतून हे उठले. "आणि मी विधुर नाही," म्हणाले आणि सगळ्यांना नमस्कार करून खाली बसले. शेजारच्या बाईंनी खुर्ची थोडी पलीकडे सरकवली.

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे ही कविता खोटी आहे," ते म्हणाले. "मी ह्या कवितेवर रडलोय."

"मी पण," बोका म्हणाला. "ती एकदा माझे केस कापत होती. मध्येच कात्री थांबली. आरशात बघितलं तर ती भिंतीला टेकून उभी, डोळे मिटलेले, तोंड पांढरंफटक. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, काही नाही, मान खाली. मी ऑफिसात गेलो. पहिलाच कागद आला तो तिच्याच वयाच्या बाईचा. माझ्यानं त्याच्यावर शिक्का मारवेना. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आई जाऊ शकते. तेवढं खरं आहे. बाकीचं मी रचलं, कारण तेवढंच सांगायची मला लाज वाटली."

मी ऐकून घेणाऱ्यातली नाही, हे वर सांगितलंच आहे.

"अरे मेल्या," मी म्हणाले, "त्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. नुसती चक्कर आली होती."

"मग तसं सांगायचं होतंस ना."

"सांगितलं असतं तर तू नुसता पोळीभाजी आणायला गेला असतास," मी म्हणाले, "कविता कशाला केली असतीस?"

आधी मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. नाक शिंकरत होते तेही हसले. एकटे अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी माइक जवळ ओढला. मंडळाचा एक दंडक आहे, म्हणाले, आणि तो मोडून मंडळ चालवता येणार नाही. जे जगलेलं नाही त्याला इथं पदक नाही. "त्यामुळे पदक परत घ्यावं लागेल. आणि पुस्तकाचं म्हणाल तर तेही..."

मी त्यांच्याकडे बघितलं. म्हणजे चेहऱ्याकडेच बघणार होते, पण माझी नजर जिथं जायची तिथं गेली, कानाच्या वर. त्यांनी माझी नजर बघितली. त्यांचा हात आपोआप डोक्याकडे निघाला आणि वाटेतच थबकला. आम्ही दोघं क्षणभर तसेच उभे होतो. मी एक शब्द बोलले नाही. आमच्या धंद्यात लोकांची डोकी झाकतात, उघडी पाडत नाहीत. आणि माझ्या मुलाचं पुस्तक मला असल्या वाटेनं नको होतं.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "पुस्तकाचं समिती बघेल," ते म्हणाले. "पदक मात्र काढावं लागेल. ज्यांनी घातलं त्यांनीच काढावं."

मी बोक्यासमोर गेले. वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली ते त्याच्या गळ्यात जेमतेम पाच मिनिटं राहिलं होतं आणि ते माझ्या बोटांमुळं जात होतं. मी त्याच्या कानामागे हात नेला, पण तोंडातून शब्द फुटेना.

तो माझ्याकडे बघत होता. "म्हण ना," तो हळूच म्हणाला.

"मान खाली," मी म्हणाले.

फीत ह्या वेळी कुठं अडकली नाही.

घरी जाताना हे म्हणाले, की विधुर असताना लोक चहा पूर्ण कपभर देतात.

नंतर काही आठवड्यांनी चिटणीस बाई दुकानात आल्या. केसांची मुळं पांढरी दिसायला लागली होती. मला वाटलं रागात असतील. पण त्या खुर्चीत बसल्या, मी डावी बाजू लावायला घेतली, आणि त्या म्हणाल्या, "एक सांगू? दचकू नका. आता तुमच्या हातात ब्रश आहे."

"सांगा."

"पुस्तक निघतंय. समितीत फार वाद झाला. पदक नाही ते नाहीच. पण शेवटी अध्यक्षच म्हणाले, पुस्तक काढा, फक्त पहिल्या पानावर स्पष्ट छापा, की 'ह्या पुस्तकातील आई हयात आहे.'"

माझ्या हातातला ब्रश थांबला. मी मोठ्यानं हसले, आणि हसता हसता बाईंच्या कपाळावर रंग चांगला बोटभर ओघळला. सासूबाई वरून बघत असतील तर त्यांनी कपाळाला हात लावला असेल. बाईंनी आरशात बघितलं आणि त्याही हसल्या. "आणि हो," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "अध्यक्ष विचारत होते, तुमचं दुकान बंद किती वाजता होतं?"

"मागच्या दारानं या म्हणावं," मी म्हणाले. "कुणाला काही सांगायची गरज नाही."

ह्यांना पहिल्या पानाची बातमी सांगितली तर म्हणाले, त्याखाली आमचीही एक ओळ छापून घ्या, वडील विधुर नाहीत म्हणून. बोक्यानं साफ नाही सांगितलं. एवढ्या खरेपणानं पुस्तकाचं वजन वाढतं, म्हणाला.

तो त्याच संध्याकाळी ऑफिसातून सरळ दुकानात आला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. खुर्चीत बसला, मी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. आरशात त्याचा चेहरा बघितला. लहानपणी असायचा तसाच होता, फक्त त्यावर उगाच दाढी होती. कार्यक्रमाच्या दिवसापासून मी दुपारचं वेळेवर जेवते, हे त्याला माहीत आहे. रोज बरोबर त्या वेळेला त्याचा फोन येतो आणि तो दुसऱ्याच कुठल्यातरी विषयावर बोलतो.

"किती कापू?" मी विचारलं.

"तुला पाहिजे तितके."

मी कंगवा फिरवला. मग कंगवा ठेवला आणि नुसता हात फिरवला, विनाकारण. त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि डोकं तसंच हाताखाली राहू दिलं. मला जरा धीर आला. मग मी कात्री उचलली आणि कापता कापता गुणगुणायला लागले. चाल कुठली ते विचारू नका, मलाही ठाऊक नव्हती.

थोडा वेळ त्यानं सहन केलं.

"ती सुरात गायची," तो म्हणाला.

"तिला दुसरी कामं नव्हती," मी म्हणाले. "मान खाली."